सायबीण आणि घोरपड

सायबिणीचा आवाज बसला नव्हता. तो मी बंद केला होता. हे वाक्य मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, ताईजवळ नाही. आणि ज्यांच्याजवळ बोलायलाच हवं होतं ते भाऊजी गेल्या पौषात गेले. आपली गाडी म्हातारी झाली, आपण बहिरे झालो आणि म्हणून तानाबाईचा हात कायमचा अधू झाला, असं समजून ते गेले. गावही तेच समजतं. मी समजू दिलं.

पण आधी भाऊजी सांगायला हवेत. माणसाचं डोकं उठवण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कुणी मी पाहिला नाही, आणि ते डोकं उठणं समजल्याशिवाय मी काय केलं ते समजणार नाही.

भाऊजी दिसण्याआधी ऐकू यायचे. ताईचं गाव पोंभुर्ण्याच्या पुढं, जंगलाला लागून. भाऊजींची गाडी नाल्याच्या पार पलीकडे असायची तेव्हाच ताई चुलीवर चहाचं आधण ठेवायची, आणि चहा उकळून गाळून होईपर्यंत ते दारात येत. गाडी पांढरी, गोल बोनेटची, एके काळी साहेबलोकांची असायची तशी. एका सरकारी कार्यालयात भाऊजींनी नोकरीभर तीच चालवली. साहेब बदलत गेले, गाडी तीच राहिली, म्हणून तिचं नाव सायबीण. पुढं ती लिलावात निघाली आणि त्याच सुमाराला भाऊजीही निवृत्त झाले. त्यांनी ती उचलली आणि हार घालून घरी आणली. ताई दारात उभी राहून म्हणाली, "लोकं रिटायर झाले का घरी येतेत. हे सवत घेऊन आले."

तिचा सायलेन्सर फार पूर्वी जंगलातल्या वाटेवर सागाच्या खुंटाला लागून तुटून पडला होता. तो पुन्हा बसवा असं सगळ्यांनी सांगून झालं. भाऊजींचं उत्तर ठरलेलं, "तोंड दाबून बोलाले ते काय चोरीची आहे का?" डिझेलचं इंजिन, उघडा पाइप. त्या आवाजात बसून बसून त्यांचे कान गेले होते, हे त्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणायचे, "मले सारं ऐकू येते गा. लोकंच आजकाल हळू बोलून राह्यले." त्यांच्याशी बोलायचं म्हणजे भांडल्यासारखं बोलावं लागे, आणि मग ते म्हणत, "भांडतोस काऊन?"

माझे वडील लवकर गेल्यामुळे मी ताईच्या घरी राहून शिकलो. भाऊजींनी मला कधी परकं मानलं नाही, त्यामुळे टोमणेही घरच्यासारखेच मारले. पुढं मी गडचांदूरला खाणींच्या यंत्रांचे सुटे भाग पुरवायचा धंदा टाकला. तो बरा चालला, आणि वयाच्या चाळिशीनंतर माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं. हैदराबादहून मी एक जुनी पण ठणठणीत स्पोर्ट्स कार आणली. पिवळी, दोन दारांची, रस्त्याला पोट टेकवून बसलेली. पहिल्यांदा कुठं न्यायची? ताईकडे. खरं सांगायचं तर भाऊजींकडे. सायबिणीची स्तुती ऐकून ऐकून माझे कान किटले होते. एकदाचं त्यांचं तोंड बंद व्हावं, एवढीच माझी इच्छा होती.

भाऊजींनी गाडीला एक फेरी मारली. बैल विकत घेताना मारतात तशी. खाली वाकून बघायला गेले, पण गुडघ्यांनी त्यांना वाकणं सोडायला लावलं होतं, म्हणून काठीनं गाडीच्या पोटाखालची जागा मोजली. काठी पुरती आत गेली नाही. मग म्हणाले, "हे गाडी नोहे. हे घोरपड होय." संपलं. मी तिचं इंजिन सांगितलं, वेग सांगितला, किती सेकंदात किती धावते ते सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्या दिवसापासून गावात कुणीही माझ्या गाडीला गाडी म्हटलं नाही. फोनवर ताईसुद्धा विचारायची, "घोरपड आणतोस का एसटीनं येतोस?"

त्यांना आत बसायचा आग्रह मीच केला. बसले. उतरता येईना. शेजारच्या दोघांनी काखेत हात घालून बाहेर ओढलं, तेव्हा अंगणात जमलेल्या लोकांकडे पाहून ते म्हणाले, "मयतीले बरी आहे. माणसाले निजवूनच नेते." आणि मग तुलना सुरू झाली ती पुढची काही वर्षं थांबली नाही. सायबिणीत नवरी, करवली, तिचे मामा आणि धानाचं पोतं एकदम बसतं, घोरपडीत नवरा बसला तर नवरीनं चालत यायचं का? सायबिणीच्या टपावर पापड वाळतात, घोरपडीचा टप कुठं आहे? सायबीण धक्क्यानं सुरू होते, घोरपड बंद पडली तर हैदराबादवरून माणूस येईल तोवर तिच्यात कोंबड्या ठेवायच्या का? मी चिडून एकदा म्हणालो की माझी गाडी राजुऱ्याहून बल्लारपूरला तुम्ही पान लावाल तेवढ्यात पोचते. ते शांतपणे पान लावत म्हणाले, "अन् कोळशाच्या ट्रकामागं जाऊन उभी राह्यते. माही बी तिथीच उभी असते."

गावाच्या तोंडाशी नाल्यावर एक रपटा आहे, पावसाळ्यात पाणी वरून जाणारा ठेंगणा पूल. त्याच्या एका कडेला खड्डा पडून पायरी झाली होती. सायबीण त्यातून हत्तीसारखी डुलत जायची. घोरपडीचं पोट अडकायचं. म्हणून भाऊजींनी सागाच्या दोन फळ्या कापून घेतल्या आणि सायबिणीच्या डिकीत ठेवल्या. मी येणार असलो की ते सायबीण घेऊन रपट्यावर हजर. फळ्या टाकायच्या, मला हातानं इशारे करत पार करवायचं, फळ्या परत डिकीत. मी म्हटलं, फळ्या इथंच ठेवा ना. म्हणाले, लोकं चुलीत घालतील. आणि जाता-येता भेटेल त्याला सांगायचे, "साळ्याच्या नव्या गाडीचं सामान माह्या जुन्या गाडीत ठेवा लागते." आता लिहितानाही मला त्याचा राग येतो. उपकार करायचा आणि तो बोलून दाखवायचा, दोन्ही एकाच दमात.

माझ्या गाडीचा आवाज मुद्दाम मोठा केलेला होता, तसल्या गाड्यांचा असतो तसा. ते त्यांना कळलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. "म्हंजे तू आवाजाचे पैसे देल्ले? सिद्धू, अरे माहा फुकटचा होता, सांगाले पायजे होतं." यावर अंगणातले सगळे हसले. मीही हसलो. घरी परत जाताना मात्र मी त्या वाक्याला गडचांदूरपर्यंत उत्तरं शोधत होतो.

आता मोहाचं सांगतो.

चैत्रात मोह गळायला लागला की पहाट फुटताच गावातल्या बाया टोपल्या घेऊन रस्त्याकडेच्या झाडांखाली जातात. वाकून वाकून फुलं वेचायची. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. त्या दिवसांत भाऊजी सायबीण काढायचे, बाया जिथं वेचत असतील तिथं रस्त्याच्या कडेला उभी करायचे आणि इंजिन सुरू ठेवून बसायचे. मधूनमधून अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबायचा. सगळं जंगल दणाणायचं. बाया फुलं वेचत पुढं सरकल्या की सायबीणही पुढं सरकायची. कुणाकडून त्यांनी कधी काही घेतलं नाही. डिझेल ताईच्या कोंबड्यांच्या अंड्यांतून यायचं, असं ताई म्हणायची.

मला हे सगळं वेडेपणाचं वाटे. एक म्हणजे चैत्रात ताईकडे राहिलं की उजाडायच्या आत खाटेवरून उडायला व्हायचं. दुसरं म्हणजे वाघ आवाजाला घाबरतो याला आधार काय? मी तसं विचारलंही होतं. भाऊजी म्हणाले, "वाघ भेत नाई रे. कटाळते. तुह्यासारखा."

तानाबाई त्या बायांमधली सर्वांत बोलकी. तिचं शेत ताईच्या शेताला लागून. ती म्हणायची, सायबीण बोलून राह्यली तोवर मागं वळून पाहा लागत नाई. ती एकटी असली तर दर चार फुलांमागं मान वर करायची. सायबीण असली की खाली बघून वेचायची आणि तिची टोपली सगळ्यांच्या आधी भरायची.

तीन वर्षांपूर्वीच्या चैत्रात माझ्या भाचीला बघायला नागपूरचे पाहुणे यायचे होते. बल्लारपूरला रेल्वेतून उतरवून घेऊन त्यांना गावात आणायचं. घोरपडीत मी आणि एक माणूस मावणार, म्हणजे पाहुण्यांना सायबिणीतून यावं लागणार. मला ते डोळ्यांसमोर दिसायला लागलं. इस्त्रीच्या कपड्यांतले पाहुणे, कानांवर हात, आणि भाऊजी वळून वळून ओरडून सायबिणीचा इतिहास सांगताहेत. आदल्या दिवशी मी घोरपड घेऊन गेलो आणि तिला ताईच्या अंगणात लावून सायबीण मागून घेतली. धुऊन पुसून आणतो म्हणालो. चंद्रपूरला ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली आणि भंगारातला एक जुना पण धड सायलेन्सर बसवून घेतला. नवा नको म्हणालो, चमकेल. परत येताना सायबीण अशी चालली की मला टायरखालची वाळू ऐकू येत होती.

अंगणात मी किल्ली त्यांच्या हातात दिली. ते बसले, सुरू केली, स्टिअरिंगवर दोन्ही तळवे ठेवले, पाय दाबला. तळव्यांना थरथर लागली असणार. चेहरा फुलला. म्हणाले, "धुतली तं आवाज बी कसा मोकळा झाला, पाह्य."

त्यांना काही कळलं नव्हतं. ताईला वाटलं, म्हातारी गाडी, आवाज बसला असेल. आणि तिथंच मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण मला ते फार आवडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात हुकमाचं पान आलं होतं. मी ठरवलं, पाहुणे येऊन जाऊ देत, सोयरीक जमू दे, मग अंगणात चार माणसं बसली असताना सांगायचं की भाऊजी, तुमची सायबीण दोन दिवस मुकी आहे आणि तुम्हांला पत्ता नाही. सगळ्या तुलनेचा एकदाच निकाल. घोरपड, फळ्या, मयत, फुकटचा आवाज, सगळ्याचा.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना आणायचं म्हणून सायबीण मोहावर गेली नाही. पाहुणे आले. गाडी छान राखली आहे म्हणाले. भाऊजींना ऐकू आलं नाही, तरी त्यांनी मान डोलावली. मुलगी पसंत पडली. संध्याकाळी पाहुणे गेले, आणि मी दमलो होतो म्हणून ठरवलं, उद्या सांगू. सकाळी.

त्या सकाळी मला छान झोप लागली. चैत्रातल्या त्या घरात पहिल्यांदाच उजाडेपर्यंत झोपलो. भाऊजी नेहमीसारखे मोहावर गेले होते आणि मला जाग आली नव्हती. जाग आली ती माणसं ओरडत पळत होती त्यानं.

झालं ते असं, बायांनी नंतर सांगितलेलं. सायबीण कडेला उभी होती. बायांनी ऐकलं की आज ती गोड बोलतेय. तानाबाईनं काचेशी जाऊन भाऊजींना तसं म्हटलंही. त्यांनी हसून हात हलवला, जा, वेचा, मी आहो. तिला वाटलं, त्यांनी मुद्दामच दुरुस्त केली असेल, आणि गाडी आहे म्हणजे आहे. ती खाली बघून वेचत राहिली. वाघ झुडपातून आला तो तिच्या मागून आला. बाया किंचाळल्या. भाऊजींना ते ऐकू आलं नाही. त्यांना आरशात टोपल्या उधळलेल्या दिसल्या. त्यांनी गाडी मागं घातली, थेट झुडपात, आणि हॉर्नवर हात ठेवला. वाघानं सोडलं. तानाबाईचा उजवा खांदा फाटला होता.

तिला घोरपडीत घाला, लवकर पोचेल, असं मीच म्हणालो. घातली असती तर कुठं? तिला निजवायला हवं होतं, आणि दोघींनी धरून बसायला हवं होतं. भाऊजींनी माझ्याकडे बघितलंही नाही. सायबिणीच्या मागच्या सीटवर तिला आडवी घेतली, दोघी बाया बसल्या, आणि ते निघाले. तानाबाईचा नवरा माझ्या शेजारी बसला. मी सुसाट मागं निघालो आणि रपट्याशी थांबलो. फळ्या सायबिणीच्या डिकीत होत्या. सायबीण पलीकडच्या वळणावर दिसेनाशी झाली, आणि तिचा आवाज येत नव्हता. तानाबाईचा नवरा दार उघडून उतरला आणि रस्त्यानं पळत सुटला. त्याला पुढं कुणाची तरी मोटरसायकल भेटली. मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो.

तानाबाई वाचली. हात खांद्याच्या वर जात नाही.

मग गावात बोलणं सुरू झालं. आवाज बारीक होता, आम्ही सांगितलं, भाऊले समजलं नाई. बहिऱ्याच्या भरवशावर गेलो. तोंडावर कुणी वाईट बोललं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून बायांनी भाऊजींना बोलावलं नाही. वनरक्षक येऊन पंचनामा करून गेला. तो म्हणाला, गाडीच्या आवाजानं वाघ येत नाही असं काही नसतं. हे वाक्य मी त्या दिवसापासून उशाशी घेऊन झोपतो. ते खरंही असेल. पण तानाबाई मान वर न करता वेचत होती ती त्या आवाजाच्या भरवशावर, आणि आवाज मी काढून घेतला होता, हे वनरक्षकाला माहीत नव्हतं.

भाऊजींनी सायबीण भंगारात द्यायची ठरवली. सगळ्यांनी समजावलं. ताईनं, जिनं आयुष्यभर तिला सवत म्हटलं, तिनंसुद्धा म्हटलं, राहू द्या, कोंबड्या बसतील. ते ऐकेनात. बल्लारपूरहून भंगारवाल्याचा टेम्पो आला तेव्हा मी तिथं होतो. सायबिणीला दोरानं ओढून फळ्यांवरून वर चढवलं. त्याच फळ्या. भाऊजी माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले.

"सिद्धू, तू तं चंद्रपूरवरून चालवून आणली. तुले नाई समजलं का, तिचा आवाज बसला मनून?"

त्यांना उत्तर ऐकू यावं म्हणून मला ओरडावं लागलं. मी ओरडून म्हणालो, "नाही भाऊजी."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "तुले धड कान असून नाई समजलं. मग मले कसं समजन." माझ्या खोट्यानं त्यांना जरासा धीर आला, हे मी पाहिलं, आणि त्या धीराचं निमित्त करून पुढंही गप्प राहिलो.

त्यानंतर ते कानाच्या डॉक्टरकडे गेले. यंत्र लावलं. आता ऐकू यायला लागलं तर बोलणं बंद केलं. मी घोरपड रपट्याच्या अलीकडे ठेवून चालत जाऊ लागलो. एकदा मी मुद्दाम काढलं, "भाऊजी, घोरपडीचं इंजिन काढून बसवून घेतलं, हैदराबादचा माणूस आला होता." मला वाटलं, आता कोंबड्या येतील, पापड येतील, काहीतरी येईल. ते म्हणाले, "चांगली आहे तुही गाडी." मला तिथून उठून जावं लागलं. इतक्या वर्षांत मला जे ऐकायचं होतं ते हेच, आणि त्यांनी ते गाडी म्हणून म्हटलं.

घोरपड आता गडचांदूरला गोदामात उभी आहे. सिमेंटच्या धुळीनं पिवळी राहिली नाही. मिस्त्री कधीमधी भेटतो, त्याला काही आठवत नाही. रोजच्या कामातलं एक काम.

मोह यंदाही गळेल. तानाबाई आता डाव्या हातानं वेचते आणि दर चार फुलांमागं मान वर करते. भाऊजींच्या मयतीला ती आली होती. ताईला म्हणाली, माणूस चांगला होता, पण त्याच्या कानानं घात केला. मी दोन हात अंतरावर उभा होतो आणि माझे कान धड होते.

भाऊजींचं काही चुकलं नव्हतं, आवाज मी बंद केला होता. हे तानाबाईच्या अंगणात, सगळ्या बाया बसल्या असताना, माझ्या तोंडानं मोठ्यानं सांगायचं माझ्याकडे बाकी आहे. हे लिहून ते फिटलेलं नाही.